पाळीव उंदीर: दुकानातून आणायचा की दत्तक घ्यायचा?

उंदीर पाळायचाय म्हणून मला फोन येतो तेव्हा बहुतेकांचं दुकान आधीच ठरलेलं असतं. कॅम्पातलं, कोथरूडमधलं, नाहीतर पिंपरीतलं. काचेच्या टाकीत आठ-दहा पांढरे उंदीर, त्यात एखादा काळ्या डोक्याचा, आणि एक पिल्लू काचेला पुढचे पाय टेकवून बघत असतं. "काकू, फार गोड आहे हो. घेऊ का?"

मी बहुतेकांना थांबायला सांगते. का, आणि थांबून नेमकं काय करायचं, ते इथे लिहिते. माझी नोकरी एका फार्मसी कॉलेजच्या प्राणीगृहात झाली. उंदीर हाताळणं, त्यांची वेतं सांभाळणं, आजारी उंदीर आवाजावरून ओळखणं, हे सगळं तिथे शिकले. आता पुण्यात सहकारनगरच्या घरात, लोकांना नकोसे झालेले उंदीर सांभाळते आणि त्यांना घरं शोधून देते.

माझं म्हणणं साधं आहे. उंदीर दोन ते तीन वर्षं जगतो आणि एकटा ठेवला तर कुढतो, म्हणून जोडीनेच ठेवावा लागतो. म्हणजे साधारण घरात दोन उंदरांची, दोन-तीन वर्षांची जागा असते. देण्यासारखं तुमच्याकडे तेवढंच आहे. पैसे किती मोजले यापेक्षा ती जागा कोणाला दिली हे मोठं. कोणीतरी हौसेने आणून नंतर टाकून दिलेला उंदीर ही जागा मिळाली तरच वाचतो, त्याच्यासाठी कुठलाही धंदा चालत नाही. म्हणून पहिला हक्क त्याचा.

दुकानातला उंदीर येतो कुठून

आधी हे समजून घ्या, कारण दुकानदार सहसा सांगत नाही. आपल्याकडे पाळण्यासाठी म्हणून उंदरांची पैदास करणारे अगदी थोडे. जास्तीत जास्त उंदीर वाढवले जातात ते दुसऱ्या प्राण्यांच्या पोटात जाण्यासाठी. नाग, धामण, अजगर हे आपल्याकडचे साप पाळणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, पण परदेशी बॉल पायथन किंवा कॉर्न स्नेक पाळणारे लोक शहरात आहेत आणि त्या सापांना उंदीर लागतात. तोच माल, तोच पुरवठादार, तीच टाकी. काही दुकानांत गिऱ्हाइकाला सरळ विचारतात, "पाळायला पाहिजे की खायला घालायला?" हा प्रश्न कानावर आला की त्या दुकानातल्या उंदरांची जन्मकथा वेगळी विचारावी लागत नाही. ज्या पिल्लाचा माणसाशी संबंध एक दिवस येणार, त्याला लहानपणी हातात घेऊन कोण बसणार? त्याची आई खोकत होती का, बाप चावरा होता का, याची नोंद कोण ठेवणार?

आता पैदाशीचं गणित बघा. उंदराची मादी २१ ते २३ दिवसांत विते. एका वेतात सहा ते बारा पिल्लं हे नेहमीचं, कधी जास्तही. व्यायल्यावर एका दिवसाच्या आत ती पुन्हा गाभण राहू शकते, म्हणजे नर जवळ असेल तर पहिली पिल्लं दूध पीत असतानाच दुसरं वेत पोटात वाढायला लागलेलं असतं. पिल्लं पाच आठवड्यांची झाली की तीही वयात येतात. त्यामुळे टाकीतला एक उंदीर विकला गेला म्हणून दुकानदाराला काहीच कमी पडत नाही. तो संध्याकाळी पुरवठादाराला फोन करतो आणि जागा भरते.

पाच आठवडे हा आकडा लक्षात ठेवा. बहुतेक दुकानांमध्ये नर-माद्या एकाच टाकीत असतात. त्यातली दीड-दोन महिन्यांची मादी तुम्ही आणलीत तर ती गाभण असण्याची शक्यता चांगलीच आहे. मला येणाऱ्या फोनांत एक ठरलेला फोन असतो: "काकू, दुकानदार म्हणाला होता दोन्ही माद्याच आहेत, आणि आज सकाळी पिंजऱ्यात गुलाबी-गुलाबी काहीतरी हलतंय." माझ्याकडे दत्तक देण्यासाठी येणारे बरेचसे उंदीर हे असे जन्मलेले असतात. दुकानातली चुकीची जोडी आणि घरातला नकोसा झालेला पिंजरा, एकाच रस्त्याची ही दोन टोकं आहेत.

दया आली म्हणून

हा सगळ्यात अवघड भाग. "मी घेतला नाही तर तो सापाला जाईल." हे म्हणणारी माणसं मनाची चांगली असतात आणि त्यांचं म्हणणं खोटंही नाही. तुम्ही न घेतलेला तो एक उंदीर कदाचित खरंच सापाला जाईल. मी कोणाला वेगळं सांगत नाही.

पण तुम्ही पैसे दिलेत की दुकानदाराच्या वहीत एक विक्री नोंदली जाते, दया तिथे कुठेच उतरत नाही. पुढच्या आठवड्यात तो एकाऐवजी दोन मागवतो, कारण माल खपतोय. आणि तुमच्या घरातली जागा भरली. मग मे महिन्यात एखादी मुलगी हॉस्टेल सोडताना "दोन वर्षांची माझी आवडती जोडी कोणी घेईल का?" म्हणून रडत फोन करते, तेव्हा तुम्ही हो म्हणू शकत नाही. त्या दोघींना तुमच्याशिवाय कोणी नव्हतं.

टाकीतला उंदीर आजारी दिसला, पाण्याची बाटली रिकामी दिसली, तर करण्यासारखं दुसरं काम आहे. उंदराला कुठलाच कायदा लागत नाही असं अनेकांना वाटतं. तसं नाही. १९६० चा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा माणूस सोडून प्रत्येक जिवाला लागू आहे. अन्नपाणी न देणं, हालचाल करता येणार नाही अशा पिंजऱ्यात कोंडणं, हे त्यात गुन्हे म्हणून लिहिलेले आहेत. शिवाय २०१८ पासून पाळीव प्राण्यांच्या दुकानांसाठी केंद्राचे वेगळे नियम आहेत. त्यांत पाळीव प्राण्यांच्या व्याख्येत कुत्रा, मांजर, ससा, गिनीपिग, हॅमस्टर यांच्याबरोबर उंदीरही स्पष्ट येतो, आणि दुकानाची नोंदणी राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे असणं बंधनकारक आहे. तेव्हा आधी दुकानदाराला शांतपणे सांगा: "दादा, बाटलीचा नळ अडकलाय, पाणी येत नाहीये." बऱ्याचदा एवढ्यावर काम होतं, कारण तो सबंध दिवस पक्ष्यांत आणि माशांत गुंतलेला असतो. नाही झालं तर तारीख-वेळेसह फोटो काढा आणि जिल्ह्याच्या प्राणी क्लेश प्रतिबंधक संस्थेकडे व मंडळाकडे लेखी तक्रार द्या. "फार वाईट अवस्था आहे" असं मोघम लिहू नका. "टाकीत इतके उंदीर, पाणी नाही, एकाचा डोळा बंद, नर-मादी एकत्र" असं लिहा. लेखी तक्रारीने पुढच्या कित्येक उंदरांचं भलं होऊ शकतं.

दत्तक कुठे मिळतात

पुण्यातल्या प्राण्यांच्या आश्रयगृहांत कुत्री-मांजरं असतात, उंदीर क्वचित. त्यामुळे तिथे जाऊन हात हलवत परत येऊ नका. उंदीर माणसांकडे असतात, आणि ते कधी सुटे होतात याचे हंगाम आहेत.

सगळ्यात मोठा हंगाम एप्रिल-मेचा. परीक्षा संपतात, कर्वेनगर, कोथरूड, विमाननगरच्या हॉस्टेल आणि पीजीमधून मुलं गावी निघतात, आणि "घरी आई घेऊ देणार नाही" हे तेव्हा आठवतं. दुसरी वेळ वर्षभर येत असते: हिंजवडी, वाकड, खराडीकडची नोकरदार मंडळी, बदली झाली, परदेशात निघाली, बाळ झालं. तिसरी म्हणजे ते गुलाबी वेत, चार-पाच आठवड्यांनंतर. तुम्ही जानेवारीत ठरवलंत तर मेपर्यंत थांबायची तयारी ठेवा. या मधल्या काळात पिंजरा बनवून होतो आणि डॉक्टरही शोधून होतात.

शोधायचं असं. कुत्र्या-मांजरांखेरीज ससे, गिनीपिग, पक्षी बघणारे जे पशुवैद्य आहेत त्यांच्याकडे आपलं नाव आणि नंबर ठेवा. नकोसा उंदीर बहुतेक वेळा आधी दवाखान्यात पोचतो. शहरातल्या प्राणी दत्तक गटांवर "दोन माद्या किंवा दोन नर, वयाची अट नाही" असं लिहा. वयाची अट नाही, हे शब्द महत्त्वाचे आहेत. सगळ्यांना पिल्लू हवं असतं आणि दीड वर्षाची जोडी तशीच पडून राहते. मोठा उंदीर माणसाळत नाही असं लोकांना वाटतं. माझा अनुभव उलटा आहे. पिल्लाला घर धुंडाळायचं असतं, ते हातात क्षणभर थांबत नाही. प्रौढ नर तर मांडीवर येऊन अंग टाकतो. तो सुखात असला की दात हलकेच एकमेकांवर घासतो, आणि त्या घासण्याने त्याचे डोळे खाचेत आत-बाहेर थरथरू लागतात. पहिल्यांदा बघणारा घाबरून मला व्हिडिओ पाठवतो. जबड्याचा एक स्नायू डोळ्यामागून जातो म्हणून तसं होतं. काळजीचं कारण नाही.

प्रयोगशाळेतले उंदीर मिळतील का, हे मला फार विचारतात. संस्थेच्या प्राणी नीतिसमितीच्या परवानगीशिवाय तिथून एकही उंदीर दाराबाहेर जाऊ शकत नाही. ओळखीने, मागच्या दाराने कोणी आणून देत असेल तर घेऊ नका. त्या उंदराला काय टोचलं होतं हे तुम्हाला कळणार नाही.

देणारा सापडला की त्याला हे विचारा: वय किती, नर की मादी आणि हे कोणी ठरवलं, सोबती कोण, कधी औषध चाललं होतं का, काय खातात, चावलाय का आणि कोणत्या प्रसंगी. का देताय हेही विचारा, पण उलटतपासणी करू नका. लाज वाटली की माणूस खोटं बोलतो, आणि तुम्हाला खरा आजार कळणं जास्त गरजेचं आहे. जोडी असेल तर जोडीच घ्या, एकाला मागे ठेवू नका. देणाऱ्याने थोडी रक्कम मागितली तर रागावू नका. ती का मागतात ते शेवटी लिहिलंय.

हातात घेऊन बघा

दत्तक असो की दुकानातला, उंदीर हातात न घेता हो म्हणायचं नाही. शेपटीने उचलणारा माणूस दिसला तर त्याच्या बाकीच्या कुठल्याही माहितीवर भरवसा ठेवू नका. एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली, आणि आपल्या अंगाला टेकवून.

नर-मादी आधी. चार आठवड्यांच्या पुढच्या नराचे अंडकोष शेपटीच्या मुळाशी ठळक दिसतात, पण थंडीत किंवा घाबरल्यावर तो ते आत ओढून घेतो. डिसेंबरच्या सकाळी दुकानात बघितलेला नर मादी ठरतो तो असा. म्हणून उंदीर थोडा उबेला आल्यावर, हातात स्थिरावल्यावर बघा. लहान पिल्लू असेल तर मूत्रमार्गाचं टोक आणि गुदद्वार यांतलं अंतर बघायचं: नरात ते जास्त, मादीत कमी. एकट्या पिल्लावरून ठरवू नका, दोन पिल्लं शेजारी-शेजारी धरली की फरक लगेच कळतो. मादीच्या पोटावर स्तनाग्रांच्या सहा जोड्या असतात, दहाव्या दिवसाच्या सुमारास, केस दाट होण्याआधी, त्यांचे ठिपके स्वच्छ दिसतात. नराला ते नसतातच. नंतर केसांवर फुंकर मारून शोधावे लागतात.

मग श्वास. उंदराची पाठ कानाला लावा आणि खोली शांत करायला सांगा. निरोगी उंदराच्या छातीत काहीच ऐकू येत नाही. टिकटिक, घरघर, ओलसर आवाज आला तर फुप्फुसाचा त्रास आहे. मायकोप्लाझ्मा पल्मोनिस नावाचा जंतू पाळीव उंदरांत जवळपास सगळ्यांकडे असतो आणि बहुधा आईकडून येतो. गर्दी, धूळ, मुताचा अमोनिया, थंडी किंवा ताण मिळाला की तो उसळतो. म्हणूनच दुकानातल्या कोंदट टाकीचा उंदीर घरी आल्यावर आठवड्याभरात शिंकायला लागतो. नाका-डोळ्यांभोवती लाल दिसलं की लोक रक्त म्हणून घाबरतात. ते पोर्फिरिन नावाचं लालसर द्रव्य, डोळ्यामागच्या ग्रंथीतून येणारं. झोपेतून उठल्यावर थोडं दिसलं तर चालतं. वाळून पापडी धरली असेल, पुढच्या पंजांच्या आतल्या बाजूलाही लागलं असेल, तर उंदीर आजारी किंवा तणावात आहे.

केस उभे, पाठ बाकदार, डोळे अर्धे मिटलेले असा उंदीर दत्तक घ्यायचा असेल तर घ्या, पण घरी नेण्याआधी दवाखान्यात न्या. मादी मोठी असेल तर पोटाच्या कडेने, काखेत, जांघेत बोटं फिरवून गाठ आहे का बघा. माद्यांमध्ये स्तनाच्या गाठी फार होतात, बहुतेक साध्या असतात, पण वाढत जातात आणि शस्त्रक्रिया करावी लागते. गाठ आहे म्हणून नाही म्हणू नका. खर्च माहीत असून हो म्हणा.

दुकानाशिवाय इलाजच नसेल तर

एक परिस्थिती अशी आहे जिथे मी स्वतः दुकानाचा रस्ता दाखवते. जोडीतला एक मेला, उरलेला खाणं सोडून कोपऱ्यात बसलाय, आणि बरेच दिवस शोधूनही त्याच्या जोडीला दत्तक उंदीर मिळत नाही. तिथे तत्त्व धरून बसलं तर शिक्षा त्या उरलेल्या उंदराला होते. पण आधी एखाद्या घरगुती पैदास करणाऱ्याचा शोध घ्या, जो आईबाप दाखवतो, मोजकीच वेतं काढतो, आणि "जमलं नाही तर परत आणून द्या" म्हणतो. हे शेवटचं वाक्य ज्याच्या तोंडून येतं त्याच्याकडून घ्यायला माझी हरकत नाही.

दुकानच असेल तर नोंदणीचं प्रमाणपत्र बघायला मागा. नर-माद्या वेगळ्या ठेवणारं दुकान शोधा, अशी थोडी आहेत पण आहेत. एकत्र टाकीतली मादी घेऊच नका. नराशी नर जुळवता येतो, आणि नर गाभण राहत नाही. घरचा उंदीर मादी असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. नराचं खच्चीकरण होऊ शकतं, पण त्यानंतरही काही आठवडे त्याला वेगळा ठेवावा लागतो. त्या दुकानातून बाकी काही विकत घेऊ नका. बाहेर पडताना दुकानदाराला सांगा की नर-माद्या वेगळ्या दिसल्या म्हणून तुमच्याकडे आलो. त्याला धंद्याची भाषा कळते.

घरची तयारी

उंदीर यायच्या आधी दोन गोष्टी हव्यात, डॉक्टर आणि पिंजरा. दवाखान्यात फोन करून सरळ विचारा, "डॉक्टर, तुम्ही उंदीर तपासता का? भूल देऊन गाठ काढता का?" पुण्यात असे डॉक्टर मोजके आहेत, आणि रात्री अकराला उंदीर तोंड उघडून श्वास घेत असताना ते शोधता येत नाहीत. औषध स्वतःच्या मनाने देऊ नका.

पिंजरा विकतचा बहुधा लहान निघतो. बोहरी आळीत अर्धा इंची वेल्डेड जाळी आणि बाइंडिंग वायर मिळते, जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी लोखंडी रॅक मिळतो, त्याला जाळी लावून दोन मजली पिंजरा घरी होतो. तळाला जाळी नको, पायाच्या तळव्यांना जखमा होतात. टिंबर मार्केटमधला भुसा फुकट मिळतो म्हणून आणू नका. त्याची धूळ आणि पाइनसारख्या लाकडाचा उग्र वास फुप्फुसांना त्रास देतो. जुन्या सुती चादरीचे तुकडे आणि साध्या कागदाच्या पट्ट्या पुरतात. खायला ज्वारी, बाजरी, ओट्स, मोड आलेले मूग, भाज्या, आठवड्यातून एकदोनदा उकडलेलं अंडं, आणि मिळाल्या तर प्रयोगशाळेच्या उंदरांसाठी बनतात त्या गोळ्या. कच्चा राजमा नको. नरांना संत्र्याचं साल नको. उंदराला ओकता येत नाही, पोटात गेलेलं बाहेर काढायचा मार्ग नसतो.

पुण्याचा उन्हाळा उंदरांना जड जातो. त्यांना घाम येत नाही, अंगातली उष्णता बरीचशी शेपटीतून बाहेर पडते. तापमान तिशीच्या वर गेलं की धाप लागते, आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो. शहाबादी फरशीचा एक तुकडा ओला करून पिंजऱ्यात ठेवा, उंदीर त्यावर पोट टेकवून पसरतात. गच्चीखालच्या खोलीत पिंजरा नको. पावसाळ्यात धोका वेगळा: गटारातले उंदीर आणि घुशी पाइपातून घरात शिरतात आणि त्यांच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस येतो. पिंजरा जमिनीपासून उंच, धान्य घट्ट झाकणाच्या डब्यात, न्हाणीघराच्या जाळीचं भोक बुजवलेलं. गणपतीत तुम्ही पेठांत राहत असाल तर ढोल आणि स्पीकरच्या भिंती सुरू व्हायच्या आत पिंजरा सगळ्यात आतल्या खोलीत हलवा, शक्य असेल तर विसर्जनाचे दोन दिवस नातेवाइकांकडे.

घरातल्या मोठ्यांची परवानगी हाही तयारीचाच भाग आहे, कारण लपवून आणलेला उंदीर महिन्याभरात माझ्याकडे येतो. आमच्या पिढीच्या आज्यांनी प्लेगच्या गोष्टी ऐकल्यात. १८९७ च्या प्लेगने या शहराच्या पेठा ओस पडल्या, गोऱ्या शिपायांनी घरात घुसून झडत्या घेतल्या, आणि २२ जूनला चापेकरांनी रँडवर गोळ्या झाडल्या. ही आठवण जपणाऱ्या माणसाला हसू नका. त्यांना सांगा की पुढच्याच वर्षी, १८९८ मध्ये, पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने कराचीत दाखवून दिलं की प्लेग उंदराच्या अंगावरच्या पिसवांमुळे पसरतो. पिंजऱ्यात जन्मलेल्या, पिसवा नसलेल्या, बाहेरच्या उंदरांशी संबंध न येणाऱ्या उंदराकडून ती भीती नाही. हात धुणं मात्र सगळ्यांना लागू, आणि पाच वर्षांखालच्या मुलाच्या हातात एकट्याने उंदीर देऊ नये.

नवा उंदीर दोन ते तीन आठवडे दुसऱ्या खोलीत ठेवा. मग जुन्याशी भेट करून द्यायची ती पिंजऱ्यात नको, न्हाणीघरात किंवा धुतलेली चादर घातलेल्या पलंगावर, जिथे दोघांपैकी कोणाचाच वास नाही. ढकलाढकली, पाठीवर चढणं, एकाने दुसऱ्याला उताणं पाडणं हे चालतं. केस फुगवून कडेकडेने सरकणं दिसलं की मधे उशी घाला आणि त्या दिवशी थांबा.

द्यायची वेळ आली तर

कधी तुमच्यावरही उंदीर देण्याची वेळ येईल, किंवा घरात अचानक वेत होईल. पर्वतीच्या किंवा वेताळ टेकडीवर सोडायचा विचार मनातही आणू नका. पांढऱ्या पाळीव उंदराला लपता येत नाही, खाणं शोधता येत नाही. घार, मांजर, कुत्री यांच्यातून तो रात्र काढत नाही. उपाशी मरेल अशा अवस्थेत प्राणी सोडून देणं १९६० च्याच कायद्यात गुन्हा आहे.

वेत झालं असेल तर नराला लगेच वेगळा करा, त्याच दिवशी, कारण मादी पुन्हा गाभण राहायला एक रात्र पुरते. आईला अंडं आणि डाळ वाढवा. पहिले काही दिवस पिल्लांना उगाच हाताळू नका, मग रोज थोडा वेळ हातात घ्या. साडेचार ते पाच आठवड्यांदरम्यान नर-माद्या वेगवेगळ्या पिंजऱ्यांत गेल्याच पाहिजेत, भावंडं आहेत म्हणून सूट नाही.

जाहिरात देताना "फुकट" हा शब्द लिहू नका. फुकटचे उंदीर गोळा करणारे लोक असतात, आणि ते उंदीर सापांसाठी नेतात. नीट बोलतात, "मुलीला हवेत" म्हणतात, एका वेळी सगळे घ्यायला तयार असतात. दुकानातल्या किमतीपेक्षा थोडी जास्त रक्कम सांगा आणि ती एखाद्या प्राणीसेवेच्या कामाला द्या. रकमेने गाळणी लागते. मग पिंजऱ्याचा फोटो मागा, डॉक्टर कोण आहेत ते विचारा, घरी साप आहे का हेही विचारा, उत्तर द्यायला किती वेळ लागतो ते ऐका. एका माणसाला दोनापेक्षा जास्त देऊ नका. उंदीर स्वतः घरी नेऊन पोचवा, रिक्षात बोळकंडीच्या तोंडाशी हातात देऊ नका. आणि एका कागदावर लिहून घ्या: सांभाळणं जमलं नाही तर हे उंदीर मलाच परत द्यायचे, दुसऱ्या कोणाला नाहीत. खाली दोघांच्या सह्या, तारीख, दोघांचे नंबर. त्या कागदाची एक प्रत आपल्याकडे ठेवा, आणि पंधरा दिवसांनी फोन करून उंदीर कसे आहेत ते विचारा.